वेताळाचा भाव आणि रद्दीचा भाव

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील डलास येथील हेरिटेज या लिलावगृहाने एक जुने कॉमिक ९१ लाख २० हजार डॉलरला विकले. रुपयांत ही रक्कम सुमारे ऐंशी कोटी होते. १९३९ साली निघालेल्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाची ही प्रत. उत्तर कॅलिफोर्नियातील तिघा भावांना ती आपल्या दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडली. अंकाची मूळ किंमत होती दहा सेंट. अशी बातमी आली की आपल्याकडेही माळे धुंडाळले जातात, ट्रंका उघडल्या जातात आणि ‘आमच्याकडेही लहानपणी खूप होते हो, आईने रद्दीत घातले’ असा सुस्कारा घरोघरी ऐकू येतो. या सुस्काऱ्यात गंमतीचा भाग मोठा आहे हे खरे, पण त्यामागे एक आर्थिक प्रश्नही दडलेला आहे आणि त्याकडे आपण कधी गांभीर्याने पाहिलेले नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील उमरखेडचे उदाहरण घेऊ. विदर्भाचे हे शेवटचे तालुक्याचे गाव. पुढे पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. अशा गावात एखाद्या जुन्या घराची वाटणी झाली, माळा रिकामा करताना पत्र्याची पेटी निघाली आणि तीत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे पन्नासेक मराठी अंक सापडले, असे समजू. रद्दीवाला ते वजनावर घेईल. इंद्रजालचा अंक पातळ. पन्नास अंकांचे वजन दोन-अडीच किलोंच्या वर जाणार नाही. म्हणजे घरमालकाच्या हाती तीस-पस्तीस रुपये. हेच अंक मुंबईतील जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे किंवा महाजालावरील विक्रेत्याकडे पोहोचले, तर त्यांतील साध्यातला साधा अंक दोन-तीनशे रुपयांना मांडला जातो आणि सुरुवातीच्या वर्षांतला, मुखपृष्ठ शाबूत असलेला अंक काही हजारांना. एकाच कागदाच्या दोन भावांमध्ये एवढी दरी शेतमालाच्या बाजारातही क्वचितच आढळते. कापूस, ऊस आणि हळद विकणाऱ्या उमरखेडच्या माणसाला मध्यस्थ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कापसाचा भाव निदान त्याला सकाळच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळतो. वेताळाचा भाव कुठे छापून येतो?

या दरीचे कारण बहुतेक जण ‘दुर्मिळता’ या एका शब्दात सांगून मोकळे होतात. ते पुरेसे नाही. दुर्मिळ वस्तू फुकट जाते आणि त्या मानाने सुलभ वस्तू सोन्याच्या भावाने विकली जाते, याची उदाहरणे याच बाजारात ढिगाने आहेत. वस्तूची नोंद कुणी केली आहे, तिची प्रत कशी जोखली जाते आणि मागचे व्यवहार कुणाला पाहता येतात, या तीन गोष्टींवर किंमत उभी राहते. अमेरिकेत हे घडले कसे ते आधी पाहू. कारण आपल्याकडे काय घडले नाही, हे त्यावरूनच कळते.

सुपरमॅन जून १९३८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात प्रथम अवतरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनीच आपले अंक गठ्ठे बांधून देऊन टाकले. उरलेले आयांनी टाकले. या अर्थाने आई ही तिथेही आणि इथेही कॉमिक्सच्या भाववाढीची खरी शिल्पकार आहे. परंतु पुढची तीस वर्षे त्या उरल्यासुरल्या अंकांनाही फारशी किंमत नव्हती. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-मार्गदर्शिका निघाली. कोणता अंक, कोणत्या साली, कोणत्या अवस्थेत, काय भावाने, याची ती सूची होती. दरवर्षी ती सुधारून निघू लागली आणि ओहायोतल्या विक्रेत्याला व न्यूयॉर्कमधल्या गिऱ्हाइकाला बोलण्यासाठी एक समान भाषा मिळाली. २००० साली ‘सीजीसी’ ही प्रतवारी करणारी कंपनी उभी राहिली. ती अंक तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि अंक प्लास्टिकच्या कवचात मोहोरबंद करून परत पाठवते. (असा अंक मग वाचता येत नाही. पण ऐंशी कोटींचा अंक वाचायला घेण्याची हौस कुणाला असेल?) तिसरी गोष्ट लिलावगृहांनी केली. विक्रीचे आकडे ती जाहीर करू लागली.

परिणाम समोर आहे. ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची आठ गुणांची प्रत फेब्रुवारी २०१० मध्ये दहा लाख डॉलरला गेली. २०१४ मध्ये नऊ गुणांच्या प्रतीला ३२ लाख डॉलर मिळाले आणि एप्रिल २०२४ मध्ये साडेआठ गुणांच्या प्रतीला ६० लाख. गुणांच्या अर्ध्या-एका फरकासाठी लाखो डॉलर मोजले जातात, ते या जोखण्यावर विश्वास असल्यामुळे.

याच अमेरिकेने १९९०च्या दशकात उलटा धडाही शिकून घेतला. जुन्या अंकांचे भाव वाढल्याचे पाहून लोक नवे अंक गुंतवणूक म्हणून विकत घेऊ लागले. एकाच अंकाची चार-पाच वेगळी मुखपृष्ठे काढून कंपन्यांनी त्यांना खतपाणी घातले. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांच्या घरात प्रती खपल्या. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक लोकांनी रांगा लावून घेतला, पिशवीतून न काढता कपाटात ठेवला. सगळ्यांनीच जपून ठेवलेल्या वस्तूला कोण विचारणार? फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. ऐंशी लाखांतला तो अंक आजही अगदी किरकोळ भावात मिळतो. करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, घरबसल्या खरेदीमुळे पुन्हा एकदा भाव चढले आणि २०२२ नंतर मधल्या दर्जाचे बरेच अंक खाली आले. शिखरावरच्या मोजक्या प्रतींना मात्र धक्का लागला नाही. म्हणजे विक्रमी लिलावाची बातमी ही बाजाराची बातमी नसते, एवढे तरी वाचकाने ध्यानात ठेवायला हवे.

आता आपल्याकडे वळू. इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने काढला. किंमत साठ पैसे. ली फॉक यांचा ‘फँटम’ मूळचा १९३६ सालचा. मराठीत त्याचे ‘वेताळ’ झाले. हे नामकरण ज्या कुणाला सुचले त्याला दाद द्यायला हवी; कारण विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मराठी मुलाला आधीच ठाऊक होता आणि कोकण-गोव्यात तर वेताळाची देवळे आहेत. पहिल्या बत्तीस अंकांत केवळ वेताळाच्याच कथा होत्या. नंतर मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्मिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ आला आणि चंबळच्या दरोडेखोरांशी लढणारा देशी नायक या मालिकेला मिळाला. मासिक म्हणून सुरू झालेली ही मालिका पुढे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाली. आठशेंहून अधिक अंक काढून १९९० मध्ये ती बंद पडली.

भारतीय अंक हे परदेशी अंकांची नुसती नक्कल नव्हते, हे संग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या अंकांची रंगवलेली मुखपृष्ठे इथल्याच चित्रकारांनी काढली. मूळ कथेतील वेताळाच्या देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे. ते भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून ‘डेंकाली’ करण्यात आले. ‘सिंग’ नावाची चाच्यांची टोळी ‘सिंगा’ झाली. वेताळाचे चाहते जगभर आहेत. ऑस्ट्रेलियात फ्रू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ हे नियतकालिक १९५० पासून त्याच्या कथा छापत आले आहे. तिथल्या संग्राहकाला डेंकाली आणि ती मुखपृष्ठे इतर कोणत्याही देशातल्या अंकांत मिळत नाहीत. बहादूर तर जन्मानेच इथला. मागणीचे हे दोन झरे परदेशी चलनातले आहेत आणि इंद्रजालच्या वाढत्या भावाचा विचार करताना ते विसरून चालत नाही.

मराठी आवृत्तीचे कोडे इथेच सुरू होते. १९६२ मध्ये सुरू झालेला ‘महाराष्ट्र टाइम्स’ही त्याच कंपनीचा. वितरणाची यंत्रणा वर्तमानपत्रांच्या एजंटांची. त्या काळी उमरखेडला रेल्वे नव्हती. छापील मजकूर यायचा तो एसटीच्या टपावरून. तालुक्याच्या गावात जे थोडे अंक उतरत ते एका घरात राहत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉमिक्स काही पैशांत दिवसाच्या भाड्याने देण्याचा धंदा महाराष्ट्रभर चालत असे. अंक टिकावा म्हणून त्याला जाड पुठ्ठा शिवला जाई, पहिल्या पानावर रबरी शिक्का मारला जाई. पन्नास घरांत फिरून आलेला अंक कोणत्या अवस्थेत उरेल, हे वेगळे सांगायला नको. इंग्रजी आवृत्ती शहरी, सुस्थित घरांत गेली आणि कपाटात राहिली. मराठी आवृत्ती वाचली गेली, आणि वाचून वाचून संपली.

तर्काने पाहता जी आवृत्ती जास्त संपली तिचा भाव जास्त असायला हवा. व्यवहारात इंग्रजी अंक पुढे असतो. इंग्रजी आवृत्तीच्या क्रमवार याद्या, मुखपृष्ठांच्या चित्रांसह, हौशी संग्राहकांनी वर्षानुवर्षे खपून तयार केल्या आणि त्या कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे कोणते अंक आहेत आणि कोणते हवेत, हे गिऱ्हाइकाला क्रमांकावरून सांगता येते. संग्राहकाला अंक हवा असतो त्यापेक्षाही त्याला यादीतली रिकामी जागा भरायची असते, हे या छंदाचे मर्म आहे. ज्या आवृत्तीची तितकी नेटकी यादी हाताशी नाही, तिच्यातली रिकामी जागा दिसणार कशी? भरीस भर म्हणजे साडेचारशेच्या सुमारास इंद्रजालने सलग क्रमांक देणे सोडून खंड-अंक अशी पद्धत धरली, त्यामुळे उत्तरार्धातले अंक ओळखताना जाणकारही अडखळतात.

दुसरी अडचण भावाची. महाजालावर विक्रेता जो आकडा लिहितो ती त्याची मागणी असते. व्यवहार त्या आकड्याला झाला, असे होत नाही. परंतु पुढचा विक्रेता तोच आकडा पाहून आपला आकडा ठरवतो, आणि कुणीही कधीही न दिलेली किंमत ‘बाजारभाव’ म्हणून प्रतिष्ठित होते. खरे व्यवहार दूरध्वनीवर, ओळखीपाळखीत, बंद गटांत होतात आणि तिथेच राहतात. घेणाऱ्याला भाव दडवायचा असतो, कारण तो कळला तर पुढचा पेटीवाला सावध होईल. विकणाऱ्याला तो फुगवायचा असतो. अशा बाजारात कुणाला फायदा होतो हे उघड आहे. ज्याला यादी पाठ आहे, ज्याचा शहरातल्या चार रद्दीवाल्यांशी घरोबा आहे, जो हैदराबादेतील आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारापासून मुंबईतील फ्लोरा फाउंटनच्या पदपथापर्यंत फेऱ्या मारू शकतो, त्याला. त्याच्यावर नफेखोरीचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. लगद्याच्या गिरणीत जाणारा अंक त्याने वाचवला, हे त्याचे काम आहेच आणि त्याची मजुरी त्याने घ्यावी. पण उमरखेडच्या घरमालकाला तीस रुपये मिळतात आणि तो अंक शेवटी हजारांत जातो, तेव्हा मधली सगळी रक्कम ही केवळ माहितीची किंमत असते. माहिती सार्वजनिक झाली तर ती दरी बऱ्याच अंशी मिटेल.

‘अमर चित्र कथा’च्या बाबतीत वाचकाची फसगत वेगळ्या मार्गाने होते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका घराघरांत आहे, आणि ‘आमच्याकडे जुनी अमर चित्र कथा आहे’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे पुनर्मुद्रण असते. एकेक शीर्षक अनेकदा छापले गेले. आरंभीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. ‘कृष्ण’ हे पहिले भारतीय शीर्षक अकराव्या क्रमांकाचे. पुढे मालिकेचे क्रमांक नव्याने देण्यात आले आणि ‘कृष्ण’ला ५०१ हा आकडा मिळाला. म्हणजे मुखपृष्ठावर ५०१ असेल तर तो अंक आरंभीचा नव्हे, कितीही जीर्ण दिसो. जीर्णपणा हा वयाचा पुरावा नसतो. आपल्या हवेत वीस वर्षांचा कागदही ऐंशीचा दिसू लागतो. किंमत, पत्ता आणि मागच्या पानावरील जाहिरात या तीन खुणांवरून आवृत्ती ठरवावी लागते. जी शीर्षके पुन्हा कधी छापली गेली नाहीत, त्यांना भाव आहे. राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्या कुंचल्याने ज्यांचे बालपण रंगवले त्यांना आपली ती प्रत अमोल वाटते, हे समजण्यासारखे आहे. बाजार मात्र या मालिकेतल्या बहुसंख्य प्रतींना जुन्या पुस्तकाहून वेगळे मोजत नाही.

‘चांदोबा’ची कथा तर अधिक चटका लावणारी. ‘चंदामामा’ १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला. मराठीत तो ‘चांदोबा’ होऊन १९५२ मध्ये आला. तो काटेकोर अर्थाने कॉमिक नव्हे, पण जुन्या अंकांच्या बाजारात त्याचे गिऱ्हाईक तेच. अनेक घरांनी तो प्रेमाने जपला, म्हणजे वर्षाचे बारा अंक एकत्र बांधून घेतले. बांधणाऱ्याने कडा कापल्या, मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकल्या. संग्राहक नेमके तेच शोधतो. २००७ मध्ये जिओडेसिक या कंपनीने चंदामामा विकत घेतला आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले. त्या वेळी अनेकांनी घरचे गठ्ठे निःशंकपणे काढून टाकले असतील तर नवल नाही. पुढे ती कंपनी बुडाली, मासिक थांबले आणि ते संकेतस्थळही बंद पडले. याउलट बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासूनचे आपले अंक महाजालावर खुले केले. त्याने जुन्या छापील प्रतींचा भाव कोसळला, अशी ओरड कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

या सगळ्या हिशेबात वयाचा मुद्दा मला सर्वात कळीचा वाटतो. इंद्रजालचा मराठी वाचक साधारण १९५० ते १९८० दरम्यान जन्मलेला. आज तो पंचेचाळीस ते पंचाहत्तरच्या मध्ये आहे. मुले मार्गी लागली आहेत, हाती थोडा पैसा आहे आणि बालपण परत विकत घ्यावे अशी इच्छाही आहे. मराठी अंकाचा भाव त्याच्या इच्छेवर उभा आहे. त्याची मुले बहुधा इंग्रजी शाळेत शिकली, त्यांच्या बालपणी वेताळ नव्हता. टपाल तिकिटांच्या छंदाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. जमवणारे म्हातारे झाले आणि वारसांना अल्बमचे काय करावे ते कळेना. मराठी कॉमिक्सच्या भावाला पिढीची ही मर्यादा आहे. परदेशातला वेताळप्रेमी मुखपृष्ठासाठी अंक घेईल. मजकुराची मराठी त्याच्यासाठी नक्षीच. तेव्हा ‘अजून वीस वर्षे ठेवले तर आणखी वाढेल’ हा हिशेब सुपरमॅनला लागू पडत असेल, मराठी मँड्रेकला पडेलच असे नाही. गुंतवणूक म्हणून आजच्या चढ्या मागणीने मराठी अंक घेणाऱ्याने हे पुन्हा एकदा तपासून पाहावे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. कॅलिफोर्नियातील त्या माळ्याची थंड हवा अंकाला मानवली, असे लिलावगृहाने आवर्जून सांगितले होते. उमरखेडच्या माळ्यावर मे महिन्यात पत्रा तापतो आणि जुलैत भिंती पाझरतात. स्वस्त छपाईच्या कागदातले आम्ल उष्णतेने कागद पिवळा आणि ठिसूळ करते. दमटपणाने पिना गंजतात आणि गंज मधल्या पानांवर उतरतो. उरलेले काम वाळवी आणि कसर करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकणे हा सर्वात वाईट उपाय, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. राहत्या खोलीत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर, आडवे न रचता उभे ठेवलेले अंक टिकतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा. चिकटपट्टीचा डाग फाटक्या कडेपेक्षा अधिक भाव पाडतो आणि तो निघत नाही.

चित्रकारांबद्दल एक परिच्छेद लिहिलाच पाहिजे. छापील अंकाबरोबर मूळ चित्रफलकांचाही बाजार असतो आणि तो अधिक मोठा. ‘टिनटिन’चे जनक हर्जे यांनी ‘ब्ल्यू लोटस’च्या मुखपृष्ठासाठी रंगवलेले एक चित्र जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला तीस लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. आपल्याकडे चित्रकाराला पानाप्रमाणे मोबदला मिळे आणि फलक प्रकाशकाकडे राहत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ हे कलम आहे. त्यानुसार मूळ चित्र वा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर हक्काचा पहिला मालक असलेल्या कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. या वाट्याची कमाल मर्यादा दहा टक्के. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांना हे बहुधा लागू होत नाही, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या किती चित्रकारांच्या घरी या कलमाची माहिती असेल?

मग करता काय येईल? मूळ कथांचे हक्क अमेरिकेतील किंग फीचर्स सिंडिकेटसारख्या कंपन्यांचे असल्याने अख्खे अंक पाने टिपून महाजालावर चढवणे कायद्यात बसत नाही. चाहत्यांनी ते मोठ्या प्रमाणावर केले आहे, ही गोष्ट वेगळी. यादी करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकेही त्यात आली. शोध सुरू करायचा तर तिथून करावा. पण मराठी अंकांचा खरा साठा गावोगावच्या पेट्यांत आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्या-तालुक्यांत अनुदानित वाचनालये आहेत. कॉमिक्सला त्यांनी वाङ्मय कधी मानले नाही, दाखल-नोंदवहीत जागा दिली नाही. पोरांनी फाडली की फेकायची, एवढाच त्यांचा दर्जा. आता तरी एखाद्या वाचनालयाने आठ दिवस सूचनाफलक लावून ‘घरी जुनी कॉमिक्स असतील तर घेऊन या, आम्ही ती ठेवून घेणार नाही, फक्त नोंदवून परत देऊ’ एवढे केले, तर खर्च एका वहीचा आणि एका साध्या कॅमेऱ्याचा. उमरखेड, पुसद, हदगाव अशा चार-सहा गावांनी हे केले तर मराठी इंद्रजालच्या यादीतल्या किती जागा भरतील, याचा अंदाज शहरातल्या संग्राहकालाही येणार नाही.

वहीत रकाने फार लागत नाहीत. क्रमांक किंवा खंड-अंक, तारीख, छापील किंमत, शीर्षक, मुखपृष्ठ आहे की नाही, पाने पूर्ण आहेत की नाहीत. एक रकाना शिक्क्यासाठी ठेवावा. अमेरिकेतल्या प्रतवारीत पहिल्या पानावरचा रबरी शिक्का हा दोष असतो आणि त्याचे गुण कापले जातात, म्हणून विक्रीपूर्वी तो खरवडून काढण्याचे प्रकार होतात. आपल्या यादीसाठी तोच शिक्का कामाचा आहे, कारण कोणता अंक कोणत्या गावापर्यंत पोहोचला होता, याची दुसरी नोंद कुठेच नाही. पेटीतल्या अंकावर तो असेल तर तसाच राहू द्यावा, आणि वहीत त्यावरचे गावाचे नाव जसे उमटले आहे तसे उतरवून घ्यावे.